उजेडातला वेळू

धाकलूकडून गळाची काठी घ्यायची तर आधी दगड फेकून दाखवावा लागायचा. मग तुम्ही कोणी का असा. कल्याणहून आलेला माणूस गाडीतून उतरायचा, गॉगल डोक्यावर सरकवायचा, "काठी बनवून पाहिजे" म्हणायचा, आणि हा आपला अंगणापुढच्या चिंचेकडे बोट करायचा. "त्या चिंचेला दगड मार." माणूस आधी हसायचा, मग बरोबरच्यांकडे बघायचा, मग लाजत लाजत मारायचा. दगड लागला का चुकला याच्याशी धाकलूला काही देणंघेणं नसायचं. मनगट कुठं वळतं, कोपर अंगाला किती चिकटून राहतं, फेकल्यावर तोल कुठल्या पायावर येतो, तेवढं बघायचा आणि म्हणायचा, "बरं. शिमगा झाला की ये."

हे तो दिवाळीत सांगायचा!

"अहो, मला पुढच्या रविवारी पाहिजे," माणूस म्हणायचा.

"मंग बाजारातून घ्या," धाकलू म्हणायचा आणि मान खाली घालून परत कामाला लागायचा.

हे तमाशे मी शेजारच्या ओट्यावर बसून वर्षानुवर्षं बघितले. मी जयराम. भातसा धरणावर दारं उघडायच्या-मिटायच्या कामाला होतो, भातसानगरच्या क्वार्टरात निम्मा जन्म गेला, आणि रिटायर झाल्यावर डोळखांबच्या वाटेवरच्या आमच्या गावात, बापाच्या घरात येऊन पडलो. धाकलूच्या आणि माझ्या घरामध्ये फक्त एक वेळूचं बेट. बेट त्याचं, त्याच्या बापाने लावलेलं. मी तोंडाचा फटकळ, तो मुका म्हणावा इतका कमी बोलणारा, म्हणून आमचं जमलं. दोघेही बोलणारे असतो तर कधीच डोकी फुटली असती. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात म्हणे. धाकलूचे गहू लोक घरी येऊन, वर दगड फेकून घेऊन जायचे.

फायबरच्या काठ्याही यायच्या त्याच्याकडे दुरुस्तीला. शेंडा गाडीच्या दारात सापडलेला, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ओवायची कडी निखळलेली, रीळ बसवायची जागा सैल झालेली. त्या तो दुरुस्त करायचा, नीटच करायचा, पण दुसऱ्याच्या पोराचं नाक पुसावं तशा. त्याचा जीव वेळूत.

वेळू तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात. अवसेच्या जितका जवळ तितका बरा. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घराला वासा हवा असो की कणगी विणायची असो, चांद वाढता असताना वेळूला कोयता लावायचा नाही. उजेडाच्या दिवसांत वेळूत गोड रस चढतो, गोडाला कीड येते, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारा वेळू आतून पोखरून पीठ होतो. कणगीला एक वेळ चालून जाईल. गळाच्या काठीला नाही चालत, तिच्यावर मासा ओढायचा असतो. तोडल्यावर वेळू चुलीवरच्या माळ्यावर शिमग्यापर्यंत धुरात ठेवायचा. मग निखाऱ्यावर शेकून सरळ करायचा, करंजाचं तेल मुरवायचं, रेशमी दोऱ्याने कड्या बांधायच्या, त्यावर वॉर्निश. या सगळ्यातलं एक पाऊल त्याने कधी गाळलं नाही. गोजर वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "माझ्या बाळंतपणाला सुईण बोलवायला एवढी काळजी नव्हती घेतली यांनी."

आयुष्यात बढाई मारली असेल तर एकच. "माझी काठी मोडायची नाय. मोडली तर घेऊन ये." आणि खरंच कोणी आणली नाही. एकदाच कल्याणचा प्रणित, त्याचं जुनं गिऱ्हाईक, दोन तुकडे घेऊन आला. जीपचं चाक गेलं होतं वरून. धाकलूने ते तुकडे हातात फिरवले, हुंगले सुद्धा, आणि म्हणाला, "ही मोडली नाय. ही तुमी मारली." प्रणितने कान पकडले. मुरबाडच्या बाजारात गळ नि तंगूस विकणारा एक दुकानदार आहे, तो गिऱ्हाइकाला विचारायचा, "काठी धाकलूची हाय ना? मंग जाडी तंगूस घ्या. तंगूस तुटंल, काठी नाय तुटायची."

तर असा हा माणूस. आणि त्याला एकुलता एक पोरगा, दीपेश.

दीपेश पोहायला शिकायच्या आधी गळ टाकायला शिकला. धरणाचं पाणी उतरलं की काठच्या गाळात पोरगा उभा, खांद्यावर बापाने केलेली काठी, डब्यात कणकेच्या गोळ्या. मी धरणावरून येताना बघायचो. दुसऱ्या पोरांच्या गळाला शेवाळ लागायचं आणि याच्या गळाला मासा. जादू नव्हती, ध्यान होतं. पाण्यावर असला की त्या पोराचं तोंडच बदलायचं. घरी भांडखोर, शाळेत उनाड, आणि पाण्यावर गेला की शांत. धाकलू लांबून बघत बसायचा आणि मला कोपराने ढोसायचा. काही बोलायचा नाही, फक्त ढोसायचा.

मोठा झाला, भिवंडीच्या वाटेवर एका कारखान्यात लागला. नाव घेत नाही, घेतलं तर तोंड खराब होईल माझं. पॅकिंगच्या मशीनवर होता. एक दिवस मशीनने उजवा हात ओढला. कोपराच्या खाली चार बोटांएवढा राहिला, बाकीचा गेला. वय काय, तर लग्नाचं.

घरी आला तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला. उकाड्यातही लांब बाहीचा शर्ट, बाही खाली दुमडून पिन लावलेली. आईलासुद्धा तो हात बघू देईना. पाण्यावर जायचं नाव नाही. रविवारी गिऱ्हाइकं आली, कोणी विचारलं "दीपेश कुठाय, येतोस का रे?", की दार लावून घ्यायचा. आपल्या जुन्या काठ्या जाळ म्हणाला आईला. वहिनीने त्या गोठ्याच्या मागे लपवल्या. बापाला बोलता येत नव्हतं, पोराला बोलायचं नव्हतं, आणि ती बाई दोघांच्या ताटात भाकरी वाढून मागच्या दारी जाऊन डोळे पुसायची. मला ते बघवत नव्हतं. माझा स्वभाव असा की दुःख झालं की मला राग येतो. मी कावळ्यांना शिव्या द्यायचो, ग्रामपंचायतीला द्यायचो.

धाकलू एकदा माझ्या ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ तंबाखू मळली, खाल्लीच नाही. मग म्हणाला, "जया, एकदा पाण्यावर आला ना, की जगंल तो. घरात बसला तर नाय जगायचा." एवढंच त्याला हवं होतं. पोराला नोकरी लागावी, लग्न व्हावं, काही काही मागत नव्हता. पोरगा पाण्यावर यावा.

आणि तुळशीच्या लग्नाच्या दिवशी ते झालं. अंगणात ऊस, चिंचा, आवळे, बायका मंगलाष्टकं म्हणताहेत, आम्ही पुरुष मंडळी चुरमुरे खात बसलेलो. दीपेश दारात येऊन उभा राहिला. कित्येक महिन्यांनी तो अंगणापर्यंत आला होता. बापाकडे न बघता, तुळशीकडे बघत म्हणाला, "बाबा, एका हाताची काठी व्हते का?"

"व्हते," धाकलू म्हणाला. एवढ्या पटकन तो उभ्या जन्मात बोलला नसेल.

"कधी?"

"लगेच."

मी चमकून बघितलं. लगेच! हा शब्द त्या माणसाच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. मोठमोठ्या साहेबांना त्याने शिमगा दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना तो कोयता घेऊन बेटात शिरला. मी कुंपण ओलांडून मागोमाग गेलो. उन्हं अजून होती आणि पूर्वेला चांद वर आलेला, ताटाएवढा, कडेने जरासा कमी.

"धाकल्या, येडा झालास का? पुनव तोंडावर आली."

"ठाव हाय."

"मग अवस होऊ दे की! पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

तो बेटाच्या पलीकडच्या कडेला गेला, वारुळाच्या बाजूला. एक वेळू धरून हलवला, वर शेंड्यापर्यंत बघितला. मग माझ्याकडे वळला. "जया, त्याने आज इचारलंय. पंधरा दिवसांनी त्याचं मन असंच राहील का? तू लिहून देतोस?"

मी काय लिहून देणार?

"मी वर बघत नाय," धाकलू म्हणाला. "तू पण बघू नको." आणि कोयता घातला. कसारा घाटात वळणावळणाला पाटी लावलेली आहे, अति घाई संकटात नेई. वाचतो कोण?

शिमग्यापर्यंत धुरात ठेवायचा तो वेळू त्याने काही आठवड्यांत उतरवला. चुलीत ओला पाला आणि भाताचं तूस घालून धूर दाट करायचा, वहिनी खोकून खोकून बेजार. मग मापं घ्यायची वेळ आली. त्या दिवशी मी मुद्दाम गेलो नव्हतो, वहिनीने बोलावलं म्हणून गेलो. दीपेश ओट्यावर बसलेला, बाही वर सारलेली, आणि धाकलूने तो उरलेला हात आपल्या मांडीवर घेतलेला. दोऱ्याने माप घेत होता. घेर, लांबी, कुठं दुखतं, कुठं हाड टोचतं. "हितं?" "हां." "हितं?" "नाय, तिथं काय नाय." आईला न दाखवलेला हात बापाच्या मांडीवर उघडा पडला होता. वहिनी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी.

काठीच्या बुडाला त्याने वेळूच्या कामट्यांची एक पन्हळ बांधली, हात आत जाईल अशी. आत सायकलची ट्यूब, त्यावर आपल्याच मफलरचा लोकरी तुकडा. वरून पट्टा. डाव्या हाताला रीळ. सगळं दोऱ्याने असं गच्च गुंडाळलं की खालचा वेळू कुठं दिसू नये. काठी हातात चढवून पोरगा उभा राहिला, तेव्हा धाकलूने चिंचेकडे बोट केलं. "दगड मार." दीपेशने डाव्या हाताने मारला. दगड चिंचेला न लागता माझ्या कौलावर गेला. मी बोंब मारली, "अरे मेल्या, माझं घर पाडतोस का?" आणि दीपेश हसला. खोटं नाही सांगत, खळखळून हसला. मी कौल फुटल्याचं दुःख करायचंच विसरलो.

माघापासून तो पाण्यावर जायला लागला. आधी एकटा, कोणी नसताना. मग प्रणित वगैरे मंडळी असतानाही. लहानसहान मासे, शिंगाळे, कधी एखादी वाम. वहिनी माझ्याकडे वाटीभर कालवण पाठवायची, "दीपेशने आणलंय" असं शेजारच्या पोराबरोबर सांगून. दीपेशच्या गालावर मांस चढलं. बाहीची पिन गेली. बापाशी रिळावरून वाद घालायला लागला, आणि धाकलू ते वाद प्रसाद खाल्ल्यासारखे ऐकायचा. मीसुद्धा तो चांद विसरलो. म्हटलं, जुन्या लोकांच्या सांगोवांगीच्या गोष्टी, प्रत्येक वेळी खऱ्या होतात असं थोडंच आहे?

वैशाखात पाणी पार खाली गेलं होतं. सकाळची वेळ, आम्ही सगळेच काठावर. दीपेशच्या गळाला कटला लागला. साधा नाही, चांगला मांडीएवढा असणार, नुसती पाठ दिसली पाण्यावर. काठी वाकली. पोराने काय सुंदर खेळवला त्याला! सोडायचा, घ्यायचा, सोडायचा, घ्यायचा. प्रणित ओरडतोय, "घाई नको, घाई नको!" मी ओरडतोय, काय ते मलाच ठाऊक नाही. धाकलू उभा राहिला होता, तोंड उघडं. मासा काठाशी आला आणि काठी मोडली.

आवाजही धड झाला नाही. वाळलेली काठी मोडते तेव्हा कशी कडकन वाजते, तशी नाही. मऊ मोडली, त्या बांधलेल्या पन्हळीच्या जरा पुढे. शेंड्याकडचा भाग, रीळ, तंगूस, मासा, सगळं पाण्यात. दीपेश पाठीवर चिखलात, हाताला ती पन्हळ तेवढी अडकलेली.

कोणी हसलं नाही. प्रणित त्याला उठवायला गेला, म्हणाला, "होतं रे." दीपेशने त्याचा हात झटकला. आपला आपण उठला आणि शांतपणे म्हणाला, "दोन हात असते तर नसती मोडली. सगळा ताण एकाच जागी आला. मला झेपणार नाय हे." आणि घरी चालू लागला.

तो निघायच्या आधी पन्हळ धाकलूनेच त्याच्या हातातून सोडवून घेतली होती. मोडक्या तोंडाकडे त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा असा उतरला की मला कळलं. तिथल्या तिथं पोराला हाक मारून दाखवायला हवं होतं. पण लाजेने त्याचे पाय उचलेनात. तो तुकडा त्याने पंच्यात गुंडाळला, घरी नेला, दोरा उलगडला, वेळू सुरीने उभा फाडला. सगळा पोखरलेला. दाभणाने टोचावीत तशी भोकं आणि आत पिवळं पीठ. सकाळ झाल्यावर तो पोरासमोर जाऊन बसला.

"दीपेश, तुझी चूक नाय. वेळू वाईट व्हता. मी उजेडात तोडला व्हता."

दीपेशने त्या फाडलेल्या वेळूकडे बघितलं, बापाकडे बघितलं. "बाबा, तुझी काठी मोडत नाय," तो म्हणाला. "सगळ्या तालुक्याला ठाव हाय."

"ही बघ ना भोकं."

"काल घेऊन गेलास, आज आणून दाखवतोस. भोकं पाडायला तुला काय अवघड हाय? तुझे हात मला ठाव नाय का?" आवाज चढला नव्हता त्याचा. उलट माया होती त्यात, तेच वाईट. "आनि तू, उजेडात वेळू तोडशील? तू? दुसरं कायतरी सांग, बाबा. पटंल असं."

मग मी गेलो. माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, "अरे गाढवा, मी तिथं उभा होतो! चांद माझ्या डोळ्यांनी बघितला! मी ओरडलोसुद्धा याला!" दीपेश म्हणाला, "काका, तुमी बाबाचे दोस्त. बाबाने सांगितलं आसंल तसं तुमी बोलताय." त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटलं मला. हात वर गेलाही होता. मग मलाच रडू फुटलं आणि मी तरातरा घरी आलो.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. पण यात घड्याचा तरी काय दोष? बापाने उभा जन्म घालवून जे नाव कमावलं होतं, त्यावर पोराचा विश्वास होता. आमच्या बोलण्यापेक्षा जास्त होता.

पाण्यावर तो परत गेला नाही. शहापूरकडे एका गोदामावर वॉचमन म्हणून लागला, तिथंच खोली घेतली, सुटीला यायचा. यायचा, जेवायचा, मोबाइल बघत पडायचा. बाही परत खाली आली, पिन लागली.

इकडे धाकलूने नवीनच सुरू केलं. गिऱ्हाईक आलं की सांगायचा, "माझ्या काठीचा भरवसा नाय. मोडते." लोकांना मस्करी वाटायची. मग तो गंभीरपणे सांगायचा, "माझ्या पोराच्या हातात मोडली. वेळू किडका व्हता, मीच दिला." मुरबाडच्या त्या दुकानदाराकडे जाऊन, चारचौघांत, त्यालाही हेच सांगून आला. त्याला वाटायचं, गावभर झालं, बाजारभर झालं, की फिरून पोराच्या कानावर जाईल. बापाच्या तोंडून नाही पटलं, लोकांच्या तोंडून पटेल. नव्या काठ्या मागायला येणारे हळूहळू कमी झाले, फायबरची दुरुस्तीसुद्धा कोणी आणेना. त्याचं त्याला काही नव्हतं.

दीपेशच्या कानावर गेलं खरं. गणपतीला आला तेव्हा अंगणातच उभा राहून बापाला बोलला. "माझ्यापायी सोताचं नाव कशाला मातीत घालतोस? लोक हसतात तुला. मी थोटा हाय, ते मला कळतंय. मी मान्य केलंय. तू का नाय करीत?"

धाकलू त्या संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, "जया, जितकं खरं बोलतो तितकं त्याला खोटं वाटतं रे. आता काय करू, सांग." मी एरवी प्रत्येक गोष्टीवर बडबडणारा. त्या दिवशी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो, बस.

मार्गशीर्षात गेला तो. सकाळी ओट्यावर उन्हाला बसला होता, वहिनी चहा घेऊन आली तर मान छातीवर पडलेली. दवाखान्यात न्यायलाही वेळ दिला नाही. मी दीपेशला फोन केला. तो आला, बापाजवळ बसला, रडला नाही. नुसता बसला.

तिरडीला वेळू लागतात. बेट घरामागेच. आमच्यातला लडकू कोयता घेऊन निघाला, तर दीपेश उठला. "बाबाच्या बेटातला वेळू मी तोडनार." लोक म्हणाले, "अरे, तुला मडकं धरायचंय, तू बस." वहिनी म्हणाली, "नको रे बाळा, एका हाताने कसा तोडशील?" त्याने ऐकलं नाही. लडकूच्या हातातून कोयता घेतला. मी आपला त्याच्या मागे गेलो, कोणीतरी जायला हवं म्हणून.

बेटात शिरायला वाकावं लागतं. आतल्या बाजूचे वेळू एकमेकांत अडकलेले, म्हणून तो फिरून वारुळाच्या कडेला गेला. एक सरळ वेळू बघून तो गुडघ्यावर बसला, डाव्या हातात कोयता, आणि तोल सावरायला उजवा अर्धा हात शेजारच्या जुन्या बुडख्यावर टेकला. बुडखा दबला. दबला म्हणजे आत गेला, पिठाच्या डब्यात हात जावा तसा. दीपेश तोंडावर पडता पडता राहिला.

त्याने हात वर घेतला. कोपरापासून खाली सगळा पिवळ्या पिठाने माखलेला. तो बघत राहिला. मग शेजारच्या दुसऱ्या बुडख्यावर कोयत्याची पाठ मारली. टणकन आवाज आला. आणखी एकावर मारली, तोही टणक. सगळे बापाने तोडलेले, वर्षानुवर्षांचे, ऊनपाऊस खाऊन काळे पडलेले आणि दगडासारखे. मग परत त्या पहिल्याला बोट लावलं. बोट आत गेलं. गळाच्या काठ्या करणाऱ्याचा पोरगा तो, त्याला मी काय सांगायचं?

"ह्योच का, काका?" त्याने खाली बघूनच विचारलं.

"ह्योच."

"तुळशीच्या लग्नाला?"

"दुसऱ्या दिवशी. मी इथंच उभा होतो."

"हितं कोन भोकं पाडायला येनार," तो पुटपुटला. मग त्याला हुंदका फुटला, आणि तो त्या पाल्यात बसूनच रडायला लागला, लहानपणी गळ पायात घुसला होता तेव्हा रडला होता तसा मोठ्याने. "बाबा खरं बोलत व्हता. मरेस्तोवर खरं बोलत व्हता आनि मी त्याला येड्यात काढला. काका, आता कुनाला सांगू, पटलं म्हनून?"

मी म्हटलं, "त्यालाच सांग. तिरडी बांधून होईस्तोवर घरातच हाय तो."

तो तसाच उठला, पीठ लागलेल्या हाताने, आणि घरात गेला. वेळू मी आणि लडकूने तोडले. अंगणात आणून उभे दोन घातले, आडव्या कामट्या लावल्या, पेंढा पसरला, मी सुतळीच्या गाठी मारायला बसलो. दारातून दिसत होतं. दीपेश बापाच्या उशाशी ओणवा झाला होता, तोंड कानाशी, आणि काहीबाही सांगत होता. वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. काय सांगतोय ते तिला ठाऊक नव्हतं आणि तिने विचारलंही नाही.

"जयरामभाऊ, आवरा," मंडळी म्हणाली, "ऊन चढतंय."

"आवरतो," म्हटलं. मारलेली गाठ सोडली आणि पुन्हा मारायला घेतली. पोराचं बोलणं अजून संपलं नव्हतं.